रिसबूड सरांचं शेवटचं दीड पान

रिसबूड सरांच्या वर्गात देवाला यायला परवानगी होती, पोथीला नव्हती.

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या दत्तमंदिराच्या वरच्या मजल्यावर, सभागृहात, दर रविवारी सकाळी साडेआठला हा वर्ग भरायचा. जिन्याच्या तोंडाशी चपलांचं कपाट होतं. त्याच्या वर भिंतीत एक वेगळी फळी ठोकून घेऊन सरांनी तिच्यावर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती : 'ग्रंथ येथे ठेवावेत.' नवीन माणूस ती वाचून दचकायचा. देवळात येऊन पोथी बाहेर ठेवायची? सर शांतपणे सांगत, "चपला खाली, ग्रंथ वर. अपमान नाही. पण आत आणू नका. आत आणलीत की बोट ठेवून दाखवाल, इथे लिहिलंय म्हणून. मग विचार करायला काही उरत नाही."

वर्गाचा विषय एकच होता, आणि तो अकरा वर्षं पुरला. कुठल्याही ग्रंथाचा, संताचा, अनुभवाचा आधार न घेता, नुसत्या डोळ्यांसमोरच्या जगाकडे बघून देव आहे असं म्हणता येतं का? सर म्हणायचे, येतं. जुन्या नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचं, अनुमान ते फळ्यावर लिहीत : जे घडलेलं आहे त्याला घडवणारा असतो. मडकं घडलेलं आहे, त्याला कुंभार आहे. डोंगर, अंकुर, डोळा हेही घडलेले आहेत. मग त्यांनाही कोणीतरी आहे. हे लिहून झालं की त्यावर घेतले गेलेले सगळे आक्षेप ते स्वतःच इतक्या जोरात मांडत, की नवीन माणसाला वाटे हे नास्तिक आहेत. रानातलं गवत कोण घडवतो, कोणी पाहिलंय? घडवणारा एकच कशावरून, वारूळ तर हजार मुंग्या मिळून बांधतात? वेदान्ती सांगत की देव अनुमानाने कळायचा नाही, श्रुतीनेच, वेदांतूनच कळेल. तिकडे युरोपातही पाद्र्यांनी निसर्गाला देवाचं दुसरं पुस्तक मानलं आणि त्यांच्यातल्याच कित्येकांनी त्यांना वेड्यात काढलं. "ही वाट फार जुनी आहे," सर म्हणत, "आणि हिच्यावर गर्दी कधीच नव्हती. भक्तांना हिची गरज नाही आणि नास्तिकांना हिचा राग."

सरांच्या बाबतीत हे अक्षरशः खरं होतं. भजनी मंडळातले त्यांना पाखंडी म्हणत, आणि डोंबिवलीहून येणारे जोगळेकर, एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर, त्यांना तोंडावर 'छुपे भटजी' म्हणत. सर दोघांवरही खूश असायचे.

मी त्यांचा अकरावीतला विद्यार्थी. तर्कशास्त्र घेणारे आम्ही नऊजण होतो. पुढे तो विषयच कॉलेजने बंद केला आणि सरांना भाषेच्या पेपरवर पर्यवेक्षक म्हणून उभं केलं. मी नौपाड्यातच एका गल्लीत छापखाना टाकला. लग्नपत्रिका, अहवाल, कार्यक्रमपत्रिका. देवळाच्या ट्रस्टचं सगळं काम माझ्याकडे होतं, म्हणून वर्गाचा कार्यवाहही मीच. हे सगळं आधीच सांगतो, कारण पुढे जे केलं ते याच दोन खुर्च्यांवर बसून केलं.

सरांचा एक शब्द होता : "म्हणून?" समोरच्याने काहीही विधान केलं की ते मान किंचित वाकडी करून विचारत. कोपरीच्या स्टँडवरचा रिक्षावाला म्हणाला, "काका, आज लय ट्राफिक आहे," की सर : "म्हणून?" तो बिचारा म्हणायचा, "म्हणून काय, बसा की!" यात कुचेष्टा नसे. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असे की या वाक्यातून हा माणूस कुठे निघाला आहे.

आणि दर रविवारी ते खिशातून एक वस्तू आणत. पळसाचं बी, कुंभारमाशीचं मातीचं घर, एकदा तर बोंबलाचा जबडा, जो पाहून भजनी मंडळाने जिना धुऊन घेतला होता. ती वस्तू टेबलावर रुमालावर ठेवून ते म्हणत, "आजचा साक्षीदार." मग दीड तास त्या वस्तूची उलटतपासणी चाले.

त्यांचा सगळ्यात आवडता साक्षीदार मात्र खिशात मावणारा नव्हता. तो त्यांच्या गळ्यात होता. वर्षातून एकदा तरी ते मान वर करून गळ्याला हात लावत आणि सांगत, "घास आणि श्वास, दोघांचं दार एक. घास आला की श्वासाच्या नळीवर एक लहानसं झाकण पडतं. प्रत्येक घासाला. आपण गप्पा मारत जेवतो, आपल्याला पत्ताही नसतो. हे झाकण मिटायला शिकवलं कोणी?"

एका वर्षी जोगळेकर उसळले. "सर, डिझाइन बोगस आहे हो! दोन वेगळ्या नळ्या द्यायच्या सोडून एकच जॉइंट? असला जोखमीचा जॉइंट मी कंपनीत दिला असता ना, तर मला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं."

वर्ग हसला. सरही हसले. "म्हणून?"

"म्हणून काय! म्हणून कर्ता-बिर्ता कोणी नाही."

"छे. तुमच्या बोलण्यावरून एवढंच निघतं की कर्ता वाईट इंजिनिअर आहे. कर्ता नाही हे एक, आणि कर्ता चांगला नाही हे दुसरं. जोगळेकर, दोन गोष्टी एकाच चमच्यात घेऊ नका."

हे वाक्य तेव्हा मला फक्त हुशारीचं वाटलं होतं.

सरांचं घर कोपरीत, दोन खोल्यांचं. मालतीकाकू म्हणजे त्यांच्या पत्नी. त्यांचा देव्हारा स्वयंपाकघरात होता आणि त्यांचं देवाशी नातं एखाद्या खोडकर दिराशी असावं तसं होतं. देवाला त्या रागवत, चिडवत, आणि वेळेवर जेवायला घालत. मी गेलो की म्हणायच्या, "ये रे सतीश. तुझे सर आत देव सिद्ध करताहेत. झाला की सांग हो, नैवेद्य वाढते. माझ्या देवाला भूक लागते, यांचा नुसता कागदावर असतो. सोय आहे, खर्च नाही." सर आतून ओरडत, "मालती, तुझ्या देवाला भूक लागते म्हणून?" "म्हणून तुम्हालाही दोन वेळा जेवायला मिळतं!" सर मान्य करत की हे अनुमान निर्दोष आहे.

ट्रस्टचे अध्यक्ष शांताराम भोईर, आम्ही त्यांना दादा म्हणायचो. जुने ठाणेकर. वडिलोपार्जित शेती गेली, तिथे इमारती आल्या. दादांना वर्गात काय चालतं ते कळत नसे आणि ते तसं मोकळेपणाने सांगत. "सर, देव हाय हे आमाला म्हाईत हाय. त्याला पुरावा कशाला? माझी आई हाय, तिचा मी पुरावा मागतो का?" पण दर रविवारी येऊन मागच्या खुर्चीवर बसत. "सर बोलतात ते ऐकाया बरं वाटतं," म्हणत.

एका रविवारी सरांनी वर्ग कल्याणला कुंभारवाड्यात नेला. फळ्यावर इतकी वर्षं मडक्याचं आणि कुंभाराचं उदाहरण देतोय, एकदा प्रत्यक्ष कुंभाराला विचारू, असं त्यांचं म्हणणं. आम्ही सात-आठजण अंगणात ओल्या मातीच्या वासात उभे. कुंभार साठीचा, हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. सरांनी त्याच्यासमोर उकिडवं बसून विचारलं, "मामा, तुमचं मडकं एखाद्या अनोळखी माणसाला सापडलं, तर त्याला तुमच्याबद्दल काय काय सांगता येईल?"

"काय सांगणार?" कुंभार चाक न थांबवता म्हणाला. "हात बसलेला आहे की कच्चा, ते कळेल. घाईत केलंय का, ते कळेल."

"आणखी?"

"आणखी काय? मी घरी बायकोला मारतो की नाही, ते काय मडक्यावर दिसतं?"

सगळे खो खो हसले. कुंभाराची बायको ओटीवरून म्हणाली, "हात लावून तर बघू दे!" आणि हशा आणखी वाढला. सर हसले नाहीत. परत येताना ठाण्याला उतरलो तेव्हा मला म्हणाले, "सतीश, एवढी वर्षं मी त्या माणसाकडे आधी का गेलो नाही?"

त्यानंतर दोनेक वर्षांनी काकूंची जीभ जड झाली. आधी वाटलं दातांची कवळी नीट बसत नाही. मग शब्द एकमेकांत मिसळायला लागले. नसांचा आजार निघाला, हळूहळू वाढणारा, परत न फिरणारा. बोलणं गेलं. मग पाणी प्यायलं की ठसका लागू लागला. डॉक्टरांनी सरांना समजावलं की गिळताना जे झाकण मिटायला हवं, ते आता वेळेवर मिटत नाही.

मी एकदा दुपारी गेलो तेव्हा सर त्यांना भरवत होते. भात गाळून खिरीसारखा केलेला. अर्धा चमचा. "हनुवटी खाली. हं. थांब. आता गीळ." मग काकूंच्या गळ्याकडे टक लावून बघायचं. गेला. पुन्हा अर्धा चमचा. एका वाटीला पाऊण तास. काकूंनी मला बघून डोळ्यांनी हसण्याचा प्रयत्न केला आणि ठसका लागला. त्या निळ्या पडल्या, सर त्यांची पाठ थोपटत राहिले. श्वास आला तेव्हा काकूंनी देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. नैवेद्य राहिला होता. सर उठले आणि त्यांनी तो दाखवला. मी त्यांना देवाला हात जोडताना कधी पाहिलं नव्हतं, तेव्हाही त्यांनी जोडले नाहीत. फक्त वाटी ठेवली, पाणी फिरवलं, आणि परत येऊन चमचा उचलला.

त्या रविवारी टेबलावरचा रुमाल रिकामा होता. कोणीतरी विचारलं, "सर, साक्षीदार?"

"घरी आहे," सर म्हणाले. "तिची उलटतपासणी मला करवत नाही."

दादांना हे सगळं फार लागलं. मंदिराला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. त्यांनी ठरवलं की वर्गातली भाषणं पुस्तकरूपाने मंदिरातर्फे छापायची. सर भाषणं लिहून काढायला लागले, काकू झोपल्या की, उत्तरपत्रिकांच्या उरलेल्या पुरवण्यांच्या पाठीवर. तो मजकूर मी छपाईसाठी जुळवत गेलो. सरांनी तीनदा प्रुफं तपासली. शेवटच्या प्रुफावर त्यांनी आमच्या धंद्याच्या रीतीप्रमाणे लिहिलं, 'वाचले. छपाईस हरकत नाही,' आणि सही केली. ही सही झाली की मजकूर लेखकाचा. छापणाऱ्याने त्याला हात लावायचा नसतो. हे मी माझ्या कामगारांना शिकवलेलं आहे.

शेवटच्या प्रकरणाच्या अखेरीस एक वाक्य होतं : 'तेव्हा हे सर्व घडवणारा कोणी आहे, आणि आपण त्याच्या हातांत आहोत.' त्याच्यापुढे दीड पान मजकूर होता. ते मला पाठ आहे. त्यातला महत्त्वाचा भाग असा :

'पण त्या हातांविषयी आपल्याला काहीही ठाऊक नाही. घडवणाऱ्याचे कसब घडलेल्या वस्तूत दिसते, त्याची दया दिसत नाही. तो दयाळू आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ते दुसरीकडून आणलेले असते. जरूर आणावे, परंतु निसर्गाने सांगितले असे म्हणू नये. जे झाकण मी आयुष्यभर पुरावा म्हणून दाखवले, ते माझ्या घरात आता मिटत नाही. मी एका माणसाला रोज गिळायला शिकवतो आणि रोज नापास होतो. माझे अनुमान मी मागे घेत नाही. कर्ता आहे. मला त्याच्याशी बोलायचे नाही.'

दादांनी ते माझ्या छापखान्यात बसून वाचलं. चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "सतीशभाऊ, सरांचं दुःख मला समजतं. पन हे मंदिराचं पुस्तक हाय. माझी आई वाचून घेईल कोनाकडून तरी. शेवट जरा गोड झाला तर बघा ना." आणि दारातून वळून म्हणाले, "सरांना इचारून करा हां. इचारल्याशिवाय नको."

मी विचारलं नाही.

विचारलं असतं तर सर नाही म्हणाले असते, हे मला माहीत होतं. मग दादा अडचणीत, मग पुस्तक अडकणार, मग ट्रस्टचं काम दुसरीकडे जाणार. हे सगळं मी एका मिनिटात मांडलं. आणि सबब तयारच होती. आमच्याकडे पुस्तक सोळा पानांच्या फॉर्मात, म्हणजे एकेका तावावर सोळा पानं, असं छापतात. आठ फॉर्म म्हणजे एकशे अठ्ठावीस पानं. सरांचा मजकूर एकशे तिसाव्या पानाच्या मध्यावर संपत होता. मी स्वतःला सांगितलं, दीड पान फॉर्मात बसत नाही. 'आपण त्याच्या हातांत आहोत' या वाक्यावर एकशे अठ्ठाविसावं पान बरोबर भरत होतं. खाली मी एक छोटं कमळ टाकलं.

प्रकाशन वर्गाच्या सभागृहातच झालं. दादांनी प्रत सरांच्या हातात दिली. सरांनी ती पहिल्यांदा शेवटच्या पानावर उघडली. तर्कशास्त्रवाला आधी निष्कर्ष बघतो. ते कमळाकडे बघत राहिले. समोरच्या बाजूला मलपृष्ठ होतं. मग माइकसमोर येऊन ते एवढंच बोलले, "या पुस्तकात जे छापलं आहे, ते सगळं मी लिहिलेलं आहे." आणि बसले. लोकांना वाटलं, विनय. टाळ्या झाल्या. मी अकरावीत त्यांच्याकडेच शिकलो होतो की अशा वाक्याचा व्यत्यास करता येत नाही. जे मी लिहिलं ते सगळं छापलं आहे, असं ते म्हणाले नव्हते.

दोन दिवसांनी ते छापखान्यात आले. स्टुलावर बसले. मी फॉर्मचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पुस्तक उघडून पुढची पानं मोजली. अध्यक्षांचं मनोगत एक पान, मंदिराचा फोटो एक पान. "ही दोन बसली," ते म्हणाले.

मी समोरची प्रुफं सारखी करायला लागलो.

"सतीश, मला एकच सांग. मी लिहिलं ते चूक वाटलं म्हणून तू काढलंस, की खरं वाटलं म्हणून?"

मी म्हणालो, "सर, शुद्धिपत्र छापतो. दीड पान वेगळं छापून उरलेल्या सगळ्या प्रतींत घालतो. या आठवड्यात करतो."

"मी विचारलं त्याचं हे उत्तर नाही," सर म्हणाले. मग घड्याळ बघून उठले. "घाल. मला जायला हवं, तिच्या जेवणाची वेळ झाली."

तो आठवडा आला नाही. लग्नसराई होती, मशीनचा रोलर गेला, कागद आला नव्हता. प्रत्येक कारण खरं होतं. दादांना शुद्धिपत्राबद्दल सांगावं लागलं असतं, हे त्या सगळ्यांच्या खालचं कारण. प्रती वाटल्या जात होत्या. लोक ते शेवटचं वाक्य सुविचारासारखं फोनवर पाठवायला लागले, मागे उगवता सूर्य टाकून. माझ्या सख्ख्या मेहुण्याने ते मला कल्याणहून पाठवलं. सरांनाही कोणीतरी पाठवलं असणारच.

दोन महिन्यांनी काकू गेल्या. घास श्वासनळीत गेला, मग न्यूमोनिया. पुढे वर्षभराने सरही गेले, नाशिकला पुतण्याकडे. बातमी वर्गाच्या ग्रुपवर आली, आणि त्यांच्या फोटोखाली तेच वाक्य होतं. मी हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं.

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते काकूंच्या शोकसभेत. सभा दादांनीच ठेवली होती, त्याच सभागृहात, आणि मनापासून ठेवली होती. सर पहिल्या रांगेत बसले होते, खांदे आत गेलेले. इतके महिने त्यांनी एका माणसाच्या गळ्याकडे बघत काढले होते. आता बघायला काही नसल्यासारखी त्यांची नजर कुठेही ठरत नव्हती. मी कडेच्या भिंतीला टेकून उभा होतो. जोगळेकर बोलले, नीट बोलताच आलं नाही त्यांना. मग दादा उठले. त्यांच्या हातात पुस्तक होतं.

"मला भाषण येत नाय," दादा म्हणाले. "मी सरांचंच सरांना वाचून दावतो. आपल्यावर येल येते तेव्हा आपलंच शहाणपन आपल्या कामाला येतं." आणि त्यांनी शेवटचा परिच्छेद वाचला, एकेका शब्दावर थांबत. "तेव्हा हे सर्व घडवनारा कोनी आहे, आनि आपन त्याच्या हातांत आहोत."

मागच्या रांगांत बायका डोळे पुसत होत्या.

"पुढे आहे," सर म्हणाले.

आवाज बारीक होता, पण सभागृह शांत होतं. दादांनी पान उलटलं. पुन्हा मागे आले. "नाय सर. हितंच संपतंय."

"पुढे आहे, दादा."

दादा गोंधळले. त्यांनी पुस्तक सरांसमोर धरलं, कमळावर बोट ठेवलं. "हे बघा ना. नाय काय पुढं." त्यांना खरंच वाटत होतं की मी सरांना विचारून काढलंय, आणि सर दुःखात विसरलेत.

सरांनी मान वळवून मला शोधलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. उत्तर येत असलेल्या मुलाकडे मास्तर बघतात, तेवढंच. मला ते दीड पान पाठ होतं, पहिल्या 'पण'पासून. भिंतीपासून दोन पावलं पुढे येऊन बोलायला लागायचं होतं. सगळे आता माझ्याकडे बघत होते, कारण सर बघत होते.

मी खाली बघितलं. सतरंजीची एक दशी सुटलेली होती.

जरा वेळाने वर बघितलं तेव्हा सरांनी तोंड फिरवलं होतं. त्यांनी दादांच्या हातातलं पुस्तक मिटलं आणि ते परत देताना स्वतःचे दोन्ही हात दादांच्या हातांवर क्षणभर ठेवले. लोकांना वाटलं, सरांनी पुस्तकाला नमस्कार केला. सगळ्या सभागृहाने हात जोडले. मीही जोडले.